लांब डोळा, आखूड डोळा आणि दृष्टिपटलाचा अहवाल

दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी किंवा आसपासच्या गावांतून डोळे दाखवण्यासाठी सोलापूरला येणाऱ्या रुग्णाच्या हाती आजकाल बहुधा एक रंगीत कागद पडतो. त्यावर दृष्टिपटलाची करड्या रंगाची छायाचित्रे असतात, काही आलेख असतात आणि हिरव्या, पिवळ्या व तांबड्या रंगांच्या चौकटी असतात. कागद समजला नाही तरी रंग समजतात. हिरवे म्हणजे ठीक, तांबडे म्हणजे बिघाड, असा अर्थ रुग्ण आणि नातेवाईक मनाशी लावतात आणि घाईच्या तपासणीत काही वेळा डॉक्टरही तेवढ्यावरच थांबतात. या तपासणीचे नाव ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजेच ओसीटी. काचबिंदू, मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलाचा विकार आणि उतारवयातील पीतबिंदूचा ऱ्हास या तिन्हींच्या निदानात तिचे महत्त्व निर्विवाद आहे.

तथापि, या कागदावरील अनेक आकडे एका गृहीतावर उभे असतात. डोळा समोरून मागपर्यंत किती लांब आहे, याविषयीचे ते गृहीत होय. प्रत्यक्ष डोळा त्या गृहीतापेक्षा बराच लांब किंवा बराच आखूड असेल, तर निरोगी डोळ्याच्या अहवालात तांबडा रंग उमटू शकतो आणि आजारी डोळ्याच्या अहवालात हिरवा. पहिल्या चुकीची किंमत म्हणजे अकारण भीती, वर्षानुवर्षे घालावे लागणारे औषधाचे थेंब आणि दर फेरीला बुडणारी मजुरी. दुसऱ्या चुकीची किंमत याहून मोठी आहे, कारण काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही उपचाराने परत येत नाही.

नेत्रगोलाची लांबी म्हणजे काय?

डोळ्याच्या पुढच्या भागातील पारदर्शक पारपटलापासून मागच्या दृष्टिपटलापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर म्हणजे नेत्रगोलाची अक्षीय लांबी. नवजात बालकाच्या डोळ्यात ती साधारण १७ मिलिमीटर असते. पहिल्या दोन-तीन वर्षांत ती वेगाने वाढते, पुढे वाढीचा वेग मंदावतो आणि प्रौढ वयात ती बहुतेकांच्या बाबतीत २२ ते २५ मिलिमीटरच्या दरम्यान स्थिरावते. डोळा प्रमाणाबाहेर लांब झाला, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते आणि लघुदृष्टी, म्हणजे बोलीभाषेतील मायनस नंबर, येतो. डोळा आखूड राहिला, तर प्लस नंबर येतो. स्थूलमानाने एक मिलिमीटर लांबी म्हणजे अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक. लांबी २६ मिलिमीटरच्या पुढे गेली, की नेत्रतज्ज्ञ सामान्यतः तीव्र लघुदृष्टीचा विचार करतात.

असे असले तरी चष्म्याचा नंबर आणि डोळ्याची लांबी या दोन गोष्टी एक नव्हेत. पारपटलाची वक्रता आणि डोळ्यातील भिंगाची शक्ती यांवरही नंबर अवलंबून असतो. मोतीबिंदू पिकू लागला, की भिंग कठीण होऊन मायनस नंबर वाढतो. डोळ्याची लांबी मात्र तीच राहते. याउलट, लेसर शस्त्रक्रियेने चष्मा सुटलेल्या तरुणाचा नंबर शून्य होतो, पण त्याचा २७ मिलिमीटरचा डोळा २७ मिलिमीटरचाच राहतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत योग्य शक्तीचे कृत्रिम भिंग बसवल्यानंतरही हेच घडते. चष्मा नाही म्हणून डोळा सर्वसाधारण लांबीचा आहे, असे मानणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

खोली मोजणे वेगळे, रुंदी मोजणे वेगळे

ओसीटीची कल्पना १९९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि तिच्या सहकारी संस्थांतील संशोधकांनी मांडली. नव्वदच्या दशकातच तिची यंत्रे बाजारात आली आणि २००६ च्या सुमारास अधिक वेगवान पिढी उपलब्ध झाल्यावर तिचा प्रसार झपाट्याने झाला. या यंत्रातून डोळ्यात अवरक्त प्रकाशाचा क्षीण किरण सोडला जातो. दृष्टिपटलाच्या निरनिराळ्या थरांवरून परत येणाऱ्या प्रकाशाची तुलना संदर्भासाठी राखलेल्या दुसऱ्या किरणाशी करून कोणता थर किती खोलीवर आहे, हे ठरवले जाते. खोलीचे हे मोजमाप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, केले जाते. ते प्रकाशाने पेशीजालात कापलेल्या अंतरावर अवलंबून असल्यामुळे डोळा लांब असो वा आखूड, त्यात फारसा फरक पडत नाही.

रुंदीचे तसे नाही. दृष्टिपटलावर किरण डावीकडून उजवीकडे फिरवताना यंत्राला माहीत असतो तो फक्त कोन. किरण किती अंशांतून वळला हे यंत्र नेमके सांगू शकते. पण तेवढ्या अंशांत दृष्टिपटलावर किती मिलिमीटर अंतर पार झाले, हे मागची भिंत किती दूर आहे यावर ठरते. अंधारात विजेरीचा झोत जवळच्या भिंतीवर लहान आणि दूरच्या भिंतीवर मोठा पडतो, त्यातला प्रकार हाच. यंत्र मागची भिंत एका ठरावीक अंतरावर आहे असे मानते आणि अंशांचे मिलिमीटर करते. अनेक रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या सिरस या यंत्रात हे गृहीत अंतर २४.४६ मिलिमीटर लांबीच्या डोळ्याचे आहे. काही यंत्रे पारपटलाची वक्रता आणि फोकसची स्थिती यांवरून डोळ्याच्या मापाचा अंदाज बांधतात, तर काहींत तंत्रज्ञाला लांबी भरण्याची सोय असते. ती सोय प्रत्यक्ष वापरली जाते का, हा प्रश्न उरतोच.

होटगी जंक्शनच्या इतिहासातील एक गोष्ट येथे उद्बोधक ठरेल. मुंबई-चेन्नई मुख्य मार्गापासून विजापूर-गदगकडे जाणारा मार्ग येथे फुटतो. आता ब्रॉडगेज असलेला हा गदग मार्ग पूर्वी मीटरगेज होता. त्याच्या रुळांमधील अंतर एक मीटर, तर मुख्य मार्गाचे १.६७६ मीटर. एका मापासाठी बांधलेला डबा दुसऱ्या मापाच्या रुळांवर चढतच नसे. त्यामुळे मापातील फरक कोणाच्या नजरेतून सुटण्याचा प्रश्नच नव्हता. ओसीटी यंत्र मात्र माप जुळत नसले तरी अडत नाही. ते तितक्याच सफाईने अहवाल छापून देते आणि म्हणूनच ही तफावत सहजासहजी ध्यानात येत नाही.

एका सूत्राचा हिशेब

हा प्रश्न ओसीटीपेक्षा जुना आहे. दृष्टिपटलाच्या छायाचित्रांवरून नेत्रमज्जेच्या शीर्षाचा खरा आकार कसा काढावा, या प्रश्नावर लिटमन यांनी १९८२ मध्ये एक गणिती पद्धत मांडली. १९९४ मध्ये बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सोपी करून केवळ नेत्रगोलाच्या लांबीवर आधारलेले सूत्र दिले. मिलिमीटरमधील लांबीतून १.८२ वजा करावेत आणि उरलेल्या संख्येस ०.०१३०६ ने गुणावे. एका अंशाला दृष्टिपटलावरील किती मिलिमीटर, हे त्यातून मिळते. साध्या गणकयंत्रावर करता येईल असा हा हिशेब आजही संशोधनात प्रमाण मानला जातो.

२४.४६ मिलिमीटर लांबीच्या डोळ्यात या सूत्राने एका अंशाला ०.२९६ मिलिमीटर येतात. २१ मिलिमीटरच्या आखूड डोळ्यात ते ०.२५० भरतात आणि २८ मिलिमीटरच्या लांब डोळ्यात ०.३४२. यंत्र ज्या पट्ट्याला ६ मिलिमीटर म्हणते, तो २१ मिलिमीटरच्या डोळ्यात प्रत्यक्षात ५.०८ मिलिमीटर असतो आणि २८ मिलिमीटरच्या डोळ्यात ६.९४ मिलिमीटर. क्षेत्रफळात ही तफावत आणखी वाढते, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही बदलतात. आखूड डोळ्यात तपासलेले क्षेत्र छापील आकड्यापेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी भरते, तर लांब डोळ्यात ते सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त भरते.

काचबिंदू: लांब डोळ्यातील खोटा तांबडा रंग

काचबिंदूच्या तपासणीत दृष्टिपटलावरील मज्जातंतूंच्या थराची जाडी पाहतात. सुमारे दहा-बारा लाख तंतू दृष्टिपटलाच्या सर्व भागांतून गोळा होऊन नेत्रमज्जेच्या शीर्षापाशी एकत्र येतात आणि तेथून मेंदूकडे जातात. काचबिंदूत हे तंतू हळूहळू नष्ट होतात आणि थर पातळ होतो. तो मोजण्यासाठी यंत्र मज्जेच्या शीर्षाभोवती एक वर्तुळ घेते. सिरस यंत्रात या वर्तुळाचा व्यास ३.४६ मिलिमीटर मानला जातो.

तंतू शीर्षाच्या जवळ दाटीने असतात आणि दूर जावे तसे पसरतात. त्यामुळे वर्तुळ जितके दूर, तितका थर पातळ. २८ मिलिमीटरच्या डोळ्यात ३.४६ चे म्हणून घेतलेले वर्तुळ प्रत्यक्षात ४ मिलिमीटर व्यासाचे होते. ज्या डोळ्यात खऱ्या ३.४६ मिलिमीटरच्या वर्तुळावर थर सरासरी ९० मायक्रॉन जाड आहे, त्याच डोळ्यात या मोठ्या वर्तुळावर तो साधारण ७८ मायक्रॉन भरेल. तंतू एकही गेलेला नाही. वर्तुळ तेवढे दूर सरकले आहे. परंतु यंत्र ७८ हा आकडा निरोगी व्यक्तींच्या नोंदींशी ताडून पाहते आणि पिवळी किंवा तांबडी चौकट छापते.

दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे स्पष्टपणे दिसून आले. डोळा जितका लांब, तितका मज्जातंतूंचा थर पातळ, असे यंत्राचे आकडे सांगत होते. लांबीनुसार दुरुस्ती केल्यावर मात्र हा व्यस्त संबंध उरला नाही.

लांब डोळ्यात इतरही अडचणी असतात. मज्जेचे शीर्ष तिरपे असते, त्याच्या कडेला दृष्टिपटल विरलेले असते आणि तंतूंचे जाड जुडगे कानाच्या बाजूला सरकलेले असतात. सर्वसामान्य डोळ्यात जेथे थर जाड असावा तेथे तो पातळ दिसतो आणि जेथे पातळ असावा तेथे जाड. डोळ्याची मागची भिंत फार खोल वळलेली असल्यास छायाचित्राची कड उलटून दुमडल्यासारखी दिसते आणि थरांच्या सीमारेषा आखताना यंत्राची गफलत होते.

याचा अर्थ लघुदृष्टी असलेल्यांचा प्रत्येक तांबडा अहवाल खोटा, असा मुळीच नव्हे. तीव्र लघुदृष्टीत काचबिंदूचा धोका खरोखरच अधिक असतो. म्हणूनच अशा रुग्णाचा अहवाल घाबरून स्वीकारणे जितके चूक, तितकेच तो हसण्यावारी नेणेही चूक.

आखूड डोळ्यातील फसवा दिलासा

लांब डोळ्याची चर्चा वैद्यकीय परिषदांत पुष्कळ होते. पूर्व आशियातील शहरांत लघुदृष्टीचे प्रमाण मोठे असल्याने संशोधनाचा भरही तिकडेच राहिला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र प्रश्नाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची ठरू शकते. याचा पुरावा महाराष्ट्रातच उपलब्ध आहे.

नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने २००६ ते २००९ या काळात नागपूरजवळच्या आठ खेड्यांत डोळ्यांचे एक विस्तृत सर्वेक्षण केले. 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' या नावाने ते ओळखले जाते. डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतील नेत्रतज्ज्ञ योस्ट योनास यांचा त्यात प्रमुख सहभाग होता. तीस वर्षे व त्यावरील ४,७११ ग्रामस्थांची तपासणी झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या ग्रामस्थांच्या नेत्रगोलाची सरासरी लांबी २२.६ मिलिमीटर भरली. चीनमधील बीजिंग येथील सर्वेक्षणात ती सुमारे २३.३ आणि ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स येथील सर्वेक्षणात सुमारे २३.४ मिलिमीटर आढळली होती. नागपूरच्या अभ्यासात उंच व्यक्तींचे आणि अधिक शिकलेल्या व्यक्तींचे डोळे तुलनेने लांब आढळले.

सरासरीपेक्षाही बोलका आकडा आहे तो टोकांचा. याच खेड्यांत सर्वांत आखूड डोळा १८.२२ मिलिमीटरचा होता आणि सर्वांत लांब ३४.२० मिलिमीटरचा. बेनेट यांचे सूत्र लावले, तर यंत्राचे ६ मिलिमीटर पहिल्या डोळ्यात सुमारे ४.३५ मिलिमीटर भरतील आणि दुसऱ्या डोळ्यात सुमारे ८.६. एकाच तालुक्यातील दोन माणसांच्या अहवालांवर छापलेला आकडा एक आणि प्रत्यक्षातील अंतर एकाचे दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट!

२२.६ मिलिमीटरच्या डोळ्यात ३.४६ चे वर्तुळ प्रत्यक्षात ३.१८ मिलिमीटरचे होते आणि २१ मिलिमीटरच्या डोळ्यात अवघे २.९३ मिलिमीटरचे. वर्तुळ मज्जेच्या शीर्षाजवळ सरकले, की थर जाड दिसतो. खऱ्या वर्तुळावर ९० मायक्रॉन असलेला थर २१ मिलिमीटरच्या डोळ्यात १०६ मायक्रॉनच्या आसपास भरेल. आता काचबिंदूमुळे या थरातील तंतू काही प्रमाणात नष्ट झाले, तरी मोजमाप निरोगी मर्यादेतच राहील आणि चौकट हिरवीच छापली जाईल. कोन बंद होऊन होणारा काचबिंदू आखूड डोळ्यांतच अधिक आढळतो, ही यातील सर्वांत चिंतेची बाब. ज्या डोळ्याला धोका जास्त, त्याच डोळ्यात यंत्र धोका कमी दाखवण्याचा संभव असतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. चौकटीचा रंग ठरतो तो यंत्रात साठवलेल्या निरोगी व्यक्तींच्या नोंदींशी तुलना करून. त्या व्यक्तींचे डोळेही याच यंत्रावर, याच गृहीतावर मोजलेले असतात. त्यामुळे रंगाची चूक किती होईल, हे रुग्णाचा डोळा २४.४६ मिलिमीटरपासून किती दूर आहे यापेक्षा तो त्या नोंदीतील सरासरी डोळ्यापासून किती दूर आहे यावर अवलंबून असते. सिरसच्या मज्जातंतूंच्या नोंदीत २८४ व्यक्ती होत्या आणि त्यांत भारतीय वंशाच्या व्यक्तींचे प्रमाण अत्यल्प होते. शिवाय या नोंदी वयानुसार विभागलेल्या असतात, डोळ्याच्या लांबीनुसार नव्हे. नोंदीतील खालच्या पाच टक्क्यांत बसणारा आकडा पिवळा आणि खालच्या एका टक्क्यात बसणारा तांबडा छापला जातो. म्हणजेच शंभर निरोगी माणसांतील पाचांना केवळ या व्याख्येमुळेच हिरव्याबाहेरचा रंग मिळतो, हेही विसरता कामा नये.

नागपूरचा सरासरी आकडा सोलापूर जिल्ह्याला जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही. लोकसमूह बदलला, पिढी बदलली, शिक्षण वाढले, की सरासरीही बदलते. त्या अभ्यासाचा खरा बोध निराळा आहे. परदेशी यंत्रातील सरासरी डोळा आणि महाराष्ट्रातील खेड्यातला सरासरी डोळा सारखा असेलच असे नाही. म्हणून समोरच्या रुग्णाचा डोळा मोजावा, हे उत्तम.

मधुमेहींसाठी कोणता आकडा भरवशाचा?

मधुमेही रुग्णांच्या बाबतीत चित्र बरेच आश्वासक आहे. मधुमेहात पीतबिंदूला सूज येते आणि त्यासाठी डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनचा निर्णय बहुतांशी पीतबिंदूच्या मध्यभागाच्या जाडीवर अवलंबून असतो. जाडी म्हणजे खोलीचे मोजमाप. ती डोळ्याच्या लांबीने फारशी बिघडत नाही. सूज उतरली की वाढली, हे महिन्यागणिक ताडून पाहताना हा आकडा विश्वासार्ह राहतो. पीतबिंदूभोवती १, ३ आणि ६ मिलिमीटर व्यासाची जी तीन वर्तुळे अहवालात दिसतात, त्यांतील बाहेरच्या कड्यांचे आकडे मात्र काहीसे सरकू शकतात.

दशकभरापूर्वी वापरात आलेल्या ओसीटी अँजिओग्राफीत लांबीचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. रंगद्रव्याचे इंजेक्शन न देता दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाखवणारी ही तपासणी आहे. पीतबिंदूच्या मधोमध रक्तवाहिन्या नसलेले एक छोटे क्षेत्र असते आणि मधुमेहात ते विस्तारते. त्याचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये दिले जाते. २४.४६ मिलिमीटरचे गृहीत धरून यंत्राने ०.३० हा आकडा दिला, तर २१ मिलिमीटरच्या डोळ्यात खरे क्षेत्र सुमारे ०.२२ असेल आणि २८ मिलिमीटरच्या डोळ्यात सुमारे ०.४०. येथे चुकीची दिशा काचबिंदूच्या नेमकी उलट आहे. आखूड डोळ्यातील बिघाड फुगवून दाखवला जातो आणि लांब डोळ्यातील बिघाड झाकला जातो. लांबी विचारात न घेता हे आकडे निरनिराळ्या रुग्णांमध्ये ताडून पाहणे योग्य नाही, याकडे २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने लक्ष वेधले. दृष्टिपटलामागील तिळाचा व्यास, विरलेल्या भागाचा विस्तार, नेत्रमज्जेच्या शीर्षाचा आकार अशी रुंदीची सर्वच मोजमापे याच पंक्तीत बसतात.

तोच डोळा, तेच यंत्र

एकाच डोळ्याची, एकाच यंत्रावर, काही महिन्यांच्या अंतराने केलेली तपासणी या दोषापासून बऱ्याच अंशी मुक्त असते. प्रौढ माणसाच्या डोळ्याची लांबी सहसा बदलत नाही. त्यामुळे चूक असलीच तर ती दर खेपेस सारखीच असते आणि दोन अहवालांतील फरक खरा मानता येतो. काचबिंदूच्या रुग्णाने शक्यतो एकाच ठिकाणी तपासणी करत राहावी, या सल्ल्यामागे हेही एक कारण आहे. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांची गृहीते, वर्तुळे आणि नोंदी वेगवेगळ्या असल्याने त्यांचे आकडे शेजारी ठेवून ऱ्हासाचा निष्कर्ष काढता येत नाही.

अपवाद आहे तो मुलांचा आणि वाढता मायनस नंबर असलेल्या तरुणांचा. त्यांचा डोळा लांबत असतो. २३ मिलिमीटरचा डोळा काही वर्षांत २५ मिलिमीटरचा झाला, तर यंत्राचे तेच वर्तुळ प्रत्यक्षात सुमारे ९ टक्क्यांनी मोठे होते आणि मज्जातंतूंचा थर पातळ झाल्याचा भास होतो. अशा मुलाला काचबिंदू झाल्याचे ठरवण्यापूर्वी दोन्ही वेळची लांबी पाहणे अगत्याचे आहे.

उपाय हाताशीच

समाधानाची बाब ही, की यावरील उपायासाठी नवे किंवा महागडे साधन लागत नाही. मोतीबिंदूच्या प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी कृत्रिम भिंगाची शक्ती ठरवण्यासाठी नेत्रगोलाची लांबी मोजावीच लागते. त्यामुळे ज्या रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होतात, तेथे ही सोय असतेच. ती ध्वनिलहरींवर चालणाऱ्या ए-स्कॅन यंत्राने मोजतात किंवा १९९९ पासून प्रचारात आलेल्या, डोळ्याला स्पर्श न करता प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्राने. ए-स्कॅनचा दांडा पारपटलावर टेकवताना थोडा दाब पडतो आणि डोळा एक-दोन दशांश मिलिमीटरने आखूड भरू शकतो. भिंगाची शक्ती ठरवताना एवढी चूकही महत्त्वाची असते, कारण ०.२ मिलिमीटरच्या चुकीने सुमारे अर्ध्या डायॉप्टरचा फरक पडतो. ओसीटीच्या रुंदीच्या दुरुस्तीत मात्र ०.२ मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक टक्का. लहान गावातील साधे ए-स्कॅन यंत्रही या कामाला पुरेसे आहे.

आज अडचण आहे ती दोन कागदांची गाठ न पडण्याची. लांबीचा आकडा शस्त्रक्रियेच्या कागदांत राहतो, ओसीटीचा अहवाल वेगळ्या फाइलमध्ये, तर कधी वेगळ्याच केंद्रात. अहवालाच्या कोपऱ्यात दोन्ही डोळ्यांची लांबी हाताने लिहिली, तरी वाचणाऱ्या डॉक्टरला रंगावर किती विसंबायचे याचा अंदाज येतो. ज्या यंत्रांत लांबी भरण्याची सोय आहे, तेथे ती भरणे हे त्याहून चांगले.

रुग्णांनी काय ध्यानात ठेवावे?

मोतीबिंदूची किंवा चष्मा घालवण्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास ती आणि त्यापूर्वीचा नंबर डॉक्टरांना आवर्जून सांगावा. शस्त्रक्रियेच्या वेळचा लांबी मोजल्याचा कागद जपून ठेवावा व ओसीटीच्या वेळी सोबत न्यावा. प्रौढपणी तो कागद सहसा जुना होत नाही.

मोठा मायनस नंबर असताना अहवाल तांबडा आला, तर लगेच धीर सोडू नये आणि मोठा प्लस नंबर असताना तो हिरवा आला, तर पूर्ण निर्धास्तही होऊ नये. दोन्ही प्रसंगी डोळ्याची लांबी विचारात घेतली आहे का, असे डॉक्टरांना विचारण्यात काहीच गैर नाही.

अहवालावर छायाचित्राच्या दर्जाचे गुण छापलेले असतात. सिरस यंत्रात ते दहापैकी असतात आणि सहापेक्षा कमी गुणांच्या छायाचित्रावरून निष्कर्ष काढणे टाळतात. गुण कमी असल्यास तपासणी पुन्हा करून घेणे हिताचे.

काचबिंदूचे निदान केवळ ओसीटीवर कधीही होत नाही. डोळ्यातील दाब, कोनाची तपासणी, नेत्रमज्जेच्या शीर्षाचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी या चारही गोष्टींची साक्ष जुळावी लागते. घरात कोणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर ही तपासणी नियमितपणे करावी. ओसीटी हा त्यातील एक साक्षीदार, न्यायाधीश नव्हे.

दृष्टिपटलाचे मायक्रॉनमध्ये मोजमाप करू शकणारे हे तंत्र नेत्रवैद्यकाला मिळालेले मोठे वरदान आहे. त्याचा पुरेपूर लाभ घ्यायचा, तर खोलीचे आकडे आणि रुंदीचे आकडे यांतील भेद ओळखावा लागेल आणि अहवालावरील रंगांसोबत आणखी एक संख्या वाचावी लागेल. दोन मिनिटांत मोजता येणारी नेत्रगोलाची लांबी, ही ती संख्या होय.